बारा आठवडे होलिस्टिक थेरपी घेतली, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, लांबलचक लिहिणार आहे. मी स्वतः शोधत होते तेव्हा सगळीकडे एक तर "आयुष्य बदललं" असं दोन ओळींत मिळायचं नाहीतर "सगळे लुबाडतात" असं, आणि आत गेल्यावर नेमकं काय करतात, कोण करतं, कशाला किती वेळ लागतो हे कुणीच लिहीत नव्हतं. सेंटरचं नाव मुद्दाम देत नाहीये. चांगलं बरंच झालं, पण एक गोष्ट इतकी चुकीची होती की नाव घेऊन भांडण करण्यापेक्षा ती गोष्ट नीट सांगितलेली बरी, म्हणजे तुम्ही कुठेही गेलात तरी ओळखता येईल.

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

माझं थोडक्यात सांगते. डिप्रेशनची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा आठ वर्षांपूर्वी झालं तेव्हा गोळ्या आणि सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलून करायची थेरपी) दोन्ही घेतलं आणि बरी झाले. या वेळी आईचं आजारपण खूप लांबलं, ती बरी झाली आणि मी आडवी पडले. सायकिअ‍ॅट्रिस्टनी गोळी सुरू केली, रडणं थांबलं, पण झोप नाही, अंगात त्राण नाही, फोन वाजला तरी उचलायचं जिवावर यायचं, असं मधेच अडकून राहिले होते. त्यांनीच सुचवलं की गोळी चालू ठेवून असा एकत्र प्रोग्राम करून बघा. हे महत्त्वाचं आहे, मी गोळ्यांना कंटाळून गेले नव्हते, गोळ्यांच्या जोडीला काहीतरी हवं म्हणून गेले होते.

होलिस्टिक हा शब्द आता कशावरही चिकटवतात, साबणापासून खड्यांपर्यंत, त्यामुळे मनात धाकधूक होतीच. पण त्याच्यामागे एक सरळ विचार आहे. जॉर्ज एंगेल नावाच्या डॉक्टरनी १९७७ साली सायन्स या नियतकालिकात लेख लिहून मांडलं की आजार समजून घ्यायचा तर शरीर, मन आणि माणसाची भोवतालची परिस्थिती तिन्ही एकत्र बघायला हवं, नुसती शरीरातली बिघडलेली रसायनं बघून भागणार नाही. त्याला बायोसायकोसोशल मॉडेल म्हणतात. यात शरीर वगळा असं कुठेच नाहीये, औषध वगळा असं तर नाहीच नाही. हे डोक्यात ठेवून मी तिथे गेले आणि पुढे सगळं याच फूटपट्टीने मोजलं.

पहिली भेट दीड तासाची होती. दीड तास! आधी कुठेही मला वीस मिनिटांच्या वर मिळाली नव्हती. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी आधी दोन फॉर्म भरून घेतले, पीएचक्यू-९ आणि जीएडी-७. पहिला डिप्रेशनचा, नऊ प्रश्नांचा, ० ते २७ स्कोअर. दुसरा अँग्झायटीचा, सात प्रश्नांचा, ० ते २१. हे फॉर्म मी आधीही भरले होते, बाहेर वेटिंगमध्ये बसून पटापट टिक मारून. इथे मॅडम समोर बसून एकेक प्रश्न वाचत होत्या. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा असतो. त्याला मी नेहमी शून्य लिहायचे, न वाचताच, कारण उगाच कशाला गवगवा. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे घाई नाहीये. असे विचार येणं आणि तसं काही करायचं ठरवणं यात फरक असतो, तुम्हाला यातलं काय होतं ते सांगा." मी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. कुणी घाबरलं नाही, कुणी लेक्चर दिलं नाही. त्याच दिवशी आम्ही दोघींनी एका कागदावर सेफ्टी प्लॅन लिहिला, म्हणजे मन तिकडे जायला लागलं की आधी काय काय जाणवतं, तेव्हा मी एकटी काय करू शकते, कुणाकडे जाऊन बसू शकते, कुणाला स्पष्ट सांगू शकते, कुठल्या डॉक्टरांना आणि कुठल्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि घरातल्या कुठल्या गोष्टी माझ्या हाताशी ठेवायच्या नाहीत. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. माझ्यासाठी त्या दीड तासातच अर्धे पैसे वसूल झाले.

पीएचक्यू-९ चा स्कोअर १७ आला. १५ ते १९ म्हणजे मध्यम ते तीव्र.

त्यानंतर विचारलं, थायरॉइड शेवटचं कधी तपासलं? मी थायरॉइडची गोळी घेते, पण आईच्या धावपळीत वर्षाच्या वर झालं तरी तपासणी केली नव्हती आणि गेल्या कित्येक महिन्यांत कुणी विचारलंही नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांनी टीएसएच, बी१२ आणि हिमोग्लोबिन करायला सांगितलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम तपासणारा आकडा, बराच वर निघाला, म्हणजे थायरॉइड कमी पडत होतं. थायरॉइड कमी पडलं की थकवा, सुस्ती, उदासपणा, लक्ष न लागणं हे सगळं होतं आणि ते डिप्रेशनसारखंच दिसतं. डोस वाढवला, मग सहा-आठ आठवड्यांनी परत तपासणी. थायरॉइडमुळेच सगळं झालं असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही, पण दळण दळायला बसायचं आणि जात्याचा खुंटाच ढिला अशातली गत होती. माझ्या मते होलिस्टिकची खरी परीक्षा इथे आहे. धूप-दिवे आणि मंद संगीत कुणीही लावेल, तुमचं रक्त तपासायला कोण सांगतं ते बघा.

आता झोप. यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण सगळ्यात त्रासाचं हेच होतं आणि सगळ्यात फायदाही इथेच झाला.

पहिले दोन आठवडे फक्त झोपेची डायरी. सकाळी उठल्यावर लिहायचं, कधी आडवी झाले, अंदाजे कधी झोप लागली, मधे किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी आली, पलंगावरून कधी उठले. घड्याळ बघत राहायचं नाही, अंदाजानेच लिहायचं. दोन आठवड्यांनी मॅडमनी कॅल्क्युलेटर घेऊन माझ्यासमोर बेरीज केली. मी पलंगावर रोज सरासरी नऊ तास असायचे आणि झोपायचे साडेपाच तास. म्हणजे साडेतीन तास मी अंधारात छताकडे बघत पडून होते, रोज, आणि मला वाटायचं की मी "आराम" करतेय. त्या म्हणाल्या, पलंग म्हणजे जागं राहून काळजी करायची जागा असं तुमच्या शरीराने शिकून घेतलंय, आता ते पुसायचं.

ही सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची सीबीटी. मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशाला आधी हीच द्यावी असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१६ मध्ये सांगितलंय, झोपेच्या गोळीच्याही आधी. मला वाटलं होतं काहीतरी शांत करणारं शिकवतील. मिळालं उलटंच. रात्री बारा वाजेपर्यंत पलंगाकडे जायचंच नाही, सकाळी सहाला काही झालं तरी उठायचं, दुपारी झोप नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. हे सुरू करण्याआधी त्यांनी विचारलं की फिट्स येतात का, बायपोलर (कधी उन्माद, कधी डिप्रेशन असा आजार) आहे का, गाडी किंवा मशीन चालवायचं काम आहे का, कारण अशांना झोप कमी करणं धोक्याचं ठरू शकतं. स्वतःच्या मनाने यूट्यूब बघून हे करू नका, प्लीज.

पहिला आठवडा भयानक गेला, खोटं कशाला बोलू. अकरा वाजता मी हॉलमध्ये उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होते कारण बसले तर डोळे मिटतील, आणि मनात म्हणत होते की झोप येत नाही म्हणून आले आणि आता झोप येतेय तर झोपू देत नाहीत. चौथ्या दिवशी मॅडमना मेसेज केला, हे मला जमणार नाही. त्यांचा रिप्लाय एवढाच होता, "आज रात्री किती वाजता झोप लागली ते उद्या लिहा, बाकी उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी डायरीत लिहिलं, १२:१०. दहा मिनिटांत लागली होती. किती महिन्यांनी ते मला आठवतही नव्हतं. मग दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत नेलं आणि आता साडेसहा तास झोप आहे, एकसलग नाही पण आहे.

झोपेबरोबरच दुसरा तक्ता होता, दिवसभरात काय केलं आणि तेव्हा मन ० ते १० मध्ये कुठे होतं याचा. याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात, १९७० च्या दशकात पीटर ल्यूइन्सन वगैरे लोकांच्या कामातून आलेली गोष्ट, म्हणजे मूड येईल मग करू असं न म्हणता आधी छोटंसं काही करायचं आणि मूड मागून येऊ द्यायचा. माझ्या तक्त्यात एक गमतीशीर गोष्ट निघाली. मला खात्री होती की माणसांत गेले की मला त्रास होतो. तक्त्यात आकडे होते उलटे, फोनवर बोलणं टाळलेले दिवस २-३ वर आणि मैत्रिणीबरोबर नुसतं चालून आलेले दिवस ५-६ वर. मॅडमनी काही सांगितलं नाही, फक्त त्या दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली.

चालणं पण प्रोग्राममध्येच होतं, आठवड्याला तीनदा, दम लागेल पण बोलता येईल इतकं. इथे ट्रेनरने एक चांगलं केलं, उगाच चमत्कार सांगितले नाहीत. १९९९ साली जेम्स ब्लुमेंथल यांचा अभ्यास आला होता, पन्नाशीच्या पुढच्या १५६ लोकांचा, एका गटाला व्यायाम, एकाला सर्ट्रालीन ही डिप्रेशनची गोळी, एकाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले, पण औषधवाल्यांना सुरुवातीला लवकर फरक पडला. तो एवढंच म्हणाला की लगेच काही वाटलं नाही तर सोडू नका. प्रामाणिक माणूस.

आता ध्यान. इथून माझी तक्रार सुरू होते.

माइंडफुलनेसचे, म्हणजे आत्ता काय चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायच्या ध्यानाचे, आठ आठवडे होते, आठवड्याला एकदा ग्रुपमध्ये. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल सेंटरमध्ये जो कोर्स सुरू केला त्याच धर्तीवर, बॉडी स्कॅन वगैरे. दुसऱ्याच सेशनला आम्ही सगळे चटईवर आडवे, डोळे मिटलेले, लक्ष पायाच्या अंगठ्यापासून हळूहळू वर. पोटापर्यंत ठीक होतं. छातीवर आलं आणि मला एकदम आईच्या खोलीतलं ऑक्सिजनचं मशीन ऐकू यायला लागलं, तो घुर्र आवाज, आणि माझाच श्वास अडकला, हात गार, घाम. मी डोळे उघडले तर शिकवणारे सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "येऊ द्या, सोडून द्या, डोळे मिटा." मी मिटले. आणखी वाढलं. शेवटी उठून बाहेर गेले आणि पायऱ्यांवर बसून राहिले, अर्धा तास.

मॅडमना सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी समजावलं की ज्यांच्या मनावर काही आघात झालेला असतो त्यांना डोळे मिटून शरीरात आत बघायला लावलं की असं होऊ शकतं, ध्यानाचेही दुष्परिणाम असतात आणि ते आधी सांगायला हवे होते. पुढच्या वेळेपासून माझ्यासाठी बदल केला, डोळे उघडे, पाय जमिनीवर टेकलेले, लक्ष छातीवर नाही तर तळपायाच्या स्पर्शावर किंवा खोलीतल्या आवाजांवर, आणि कधीही उठून जायची मोकळीक. तसं केल्यावर जमलं. संथ श्वास, मिनिटाला साधारण सहा, हा तर आता रोजचा आहे. पण हे आधी विचारलं असतं तर त्या पायऱ्यांवरचा अर्धा तास वाचला असता.

आणि ग्रुपमध्ये सर सांगत होते की या ध्यानाने डिप्रेशन परत येत नाही. मी घरी येऊन शोधून वाचलं. टीसडेल, सेगल, विल्यम्स यांचा २००० सालचा अभ्यास आहे, १४५ लोकांचा, ज्यांना डिप्रेशन तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलंय त्यांच्यात परत येण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. खूप मोठी गोष्ट आहे ही. पण त्याच अभ्यासात दोनदाच डिप्रेशन झालेल्यांना असा फायदा दिसला नाही, आणि मी त्यातलीच, दुसऱ्या वेळेची. शिवाय ते सगळे तेव्हा बरे झालेले लोक होते, माझ्यासारखे मधेच अडकलेले नव्हते. मला हे सांगितलं असतं तरी मी केलंच असतं, पण सांगायला हवं होतं.

आता ज्यासाठी स्टार कापला ते. त्याच सरांनी पाचव्या आठवड्यात ग्रुपसमोर म्हटलं, "गोळ्या म्हणजे कुबड्या, किती दिवस धरून चालणार?" आमच्यातल्या एकांनी ते मनावर घेतलं आणि गोळी एकदम बंद केली, कुणाला न विचारता. पुढच्या वेळी आले तेव्हा चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणत होते, रात्रभर विचित्र स्वप्नं. या गोळ्या अचानक थांबवल्या की असं होतं, म्हणून तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. त्यांना वाटत होतं त्यांचा आजार उलटला. ते इतके घाबरलेले होते की मला रात्री झोप लागली नाही, आणि या वेळी कारण वेगळं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार दिली. त्यात हेही लिहिलं की तुमच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये "औषधं कधीपर्यंत बंद करायची इच्छा आहे?" असा रकाना आहे, म्हणजे येणाऱ्याची तशी इच्छा असणारच हे तुम्ही गृहीत धरता. ज्या माणसाला गोळीने पलंगावरून उठवलंय त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी अपराधी वाटायला लावता. दहा दिवसांनी उत्तर आलं, सरांनी ग्रुपमध्ये माफी मागितली, फॉर्ममधला रकाना काढला असं कळवलं. त्या गृहस्थांची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी परत सुरू केली आणि ते सावरले. केलं ते बरं केलं, पण मी तक्रार केली नसती तर?

याच माळेतला दुसरा मणी म्हणजे रिसेप्शनजवळचं कपाट. त्यात "मन शांत करणाऱ्या" कॅप्सूल, त्यात सेंट जॉन्स वर्ट होतं. ही वनस्पती खरोखर परिणाम करते, हाच तर प्रश्न आहे. डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर घेतली तर शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, आणि गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी काही औषधं यांचा परिणाम ती कमी करते. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं की दुसरी औषधं चालू असतील तर चालतं का, ती म्हणाली नॅचरल आहे, काही होत नाही. असं उत्तर मिळालं की तिथून काही विकत घेऊ नका, बस.

बाकीचं भरभर. आहाराचं सेशन एकच होतं, भाज्या, डाळी, फळं, मासे, कमी पाकीटबंद. फेलिस जॅका यांच्या २०१७ च्या अभ्यासाचा हवाला दिला, ६७ लोक, १२ आठवडे, आहार सुधारलेल्यांपैकी ३२ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले, नुसत्या गप्पांचा आधार मिळालेल्यांपैकी ८ टक्के. अभ्यास छोटा आहे आणि आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना माहीत होतं, पण सल्ल्यात वाईट काही नाही. चित्रांचा वर्ग मला आवडला, कारण तिथे कुणी चित्राचा अर्थ लावत बसलं नाही. वाटी वाजवून केलेलं साउंड हीलिंग, झोपून ऐकायला छान, पण पेशींची फ्रिक्वेन्सी दुरुस्त होते वगैरे जे सांगितलं त्याला काही आधार नाही आणि त्याची फी वेगळी होती. मी एकदाच गेले.

ज्यांना खूप तीव्र त्रास आहे, आवाज ऐकू येतायत, उन्मादाची लक्षणं आहेत, किंवा मरणाचे विचार येऊन काही ठरवण्यापर्यंत गोष्ट गेलीये, त्यांनी आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट किंवा इमर्जन्सी, आजच, असले प्रोग्राम नंतर. वेळही लागतो, आठवड्यातून तीनदा जावं लागायचं आणि डायरी, तक्ते रोज. मला घरच्यांनी सांभाळून घेतलं म्हणून जमलं. जे एकटेच सगळं ओढतायत त्यांना हे कसं जमावं हा प्रश्न मी फीडबॅकमध्ये लिहिलाय, ऑनलाइन काही पर्याय द्या म्हणून.

तरीही चार स्टार का, तर मॅडममुळे आणि दर दोन आठवड्यांनी होणाऱ्या टीमच्या मीटिंगमुळे. डॉक्टर, ट्रेनर, मॅडम सगळे एकच फाइल उघडून बसायचे आणि माझ्या सायकिअ‍ॅट्रिस्टना माझ्या परवानगीने पत्र जायचं. बॉडी स्कॅनचा किस्सा मी ट्रेनरला सांगितला नव्हता, तरी पुढच्या वेळी त्याने व्यायामानंतरचं आडवं पडून डोळे मिटणं माझ्यासाठी बंद केलेलं होतं. मला परत पहिल्यापासून रडगाणं गावं लागलं नाही. आधी मी डोकं एकाला, झोप दुसऱ्याला, थायरॉइड तिसऱ्याला दाखवत होते आणि मधलं सगळं मीच डोक्यावर घेऊन फिरत होते. चौकशी करताना म्हणूनच हे विचारा, की माझं सगळं एकत्र कोण बघणार, माझ्या आधीच्या डॉक्टरांशी कोण बोलणार. ठाम नाव सांगितलं तर पुढे बोला, "आमची टीम आहे ना" एवढंच म्हणाले तर नको.

स्कोअर सहाव्या आठवड्यात १२, बाराव्यात ७. गोळी चालू आहे, सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणाले बरं वाटल्यावरही निदान काही महिने तरी हात लावायचा नाही, आणि मला ते मान्य आहे. काल संध्याकाळी मैत्रिणीचा फोन दुसऱ्या रिंगला उचलला. फॉलो-अप तीन महिन्यांनी आहे, ते कपाट अजून तिथे आहे का बघून इथेच अपडेट करते.